माळ्यावरचा काँट्रा

अहो वहिनी, या जरा भिंतीपाशी. नाही नाही, कढीपत्ता नकोय आज. चार दिवस झाले मला टोकियोहून येऊन आणि तुम्ही एकदाही डोकावला नाहीत!

— अहो ताई, संध्याकाळी सातलाच दिवे मालवलेले असतात तुमच्याकडे. म्हटलं, झोपल्या असतील.

झोपतेच. अजून तिकडच्या घड्याळावर चाललंय सगळं, पहाटे अडीचला टक्क जाग. ते जाऊ दे. जो तो विचारतोय, फुजी दिसला का, चेरीचा बहर मिळाला का. दिसला, मिळाला, फोटो आहेत, दाखवीन सावकाश. पण तुम्हाला म्हणून सांगते, माझे शनिवार कुठे गेले ठाऊक आहे? जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत.

— या वयात? कुणाच्या नादानं?

जावयाच्या, अजून कुणाच्या! एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, ऑफिसात हाताखाली पंधरा माणसं, आणि शनिवार उजाडला की पाठीला सॅक लावून तयार. लेक म्हणाली, "आई, तू जात जा त्याच्याबरोबर. तू असलीस की जरा हात आखडता घेतो." म्हणजे मला राखणीला धाडली हो. मी आपली पायात बूट घालून त्याच्यामागे अकिहाबाराला. तिथे एक दुकान आहे, सुपर पोटॅटो नावाचं. हसू नका, खरंच तेच नाव आहे. अरुंद इमारत, तिसऱ्या मजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत दुकान. जमिनीपासून छतापर्यंत नुसत्या कॅसेट, एकेक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली, आणि मागे टुंग टुंग ते जुन्या गेमचं संगीत चालू. पाचव्या मजल्यावर नाणं टाकून खेळायची जुनी यंत्रं आणि शेजारी पोरांचा स्वस्तातला खाऊ. मी तिथेच बसायची, खाऊच्या बाजूला. खालून हा तासानं वर यायचा, घामाघूम.

— आणि घ्यायचा काय एवढं?

तेच तर. पहिल्या दिवशी मला वाटलं, जुनं सामान आहे, रद्दीच्या भावात असेल. कसलं हो! कपाटात एकच गेम तीन ठिकाणी आणि तिन्हींचे भाव वेगळे. नुसती कॅसेट असेल तर एक भाव. खोका असेल तर दुसरा. खोका आणि आतली माहितीची पुस्तिका दोन्ही असतील तर भाव एकदम कुठल्या कुठे. शिवाय प्रत्येकावर चिठ्ठी. लेबल कोपऱ्यात फाटलंय, मागे डाग आहे, खोक्याला दुमड आहे, सगळे दोष स्वतःहून लिहिलेले. आपल्याकडे असं दुकान चालेल का सांगा? गिऱ्हाईकानं दोष काढायचा आणि दुकानदारानं "अहो, काही होत नाही त्याला" म्हणायचं, हीच आपली रीत.

आणि एक गंमत. ज्या कॅसेटवर मागच्या मालकाचं, म्हणजे त्या वेळच्या कुठल्या तरी पोराचं नाव मार्करनं लिहिलेलं असतं ना, ती स्वस्त. आमचे जावईबापू नेमक्या त्याच शोधतात. मला वाटलं, पैसे वाचवतोय. तर म्हणे, "नाही आई, यावरून कळतं की हिच्याशी कुणीतरी खरंच खेळलंय." घ्या! काहींमध्ये त्या पोरानं अर्धवट सोडलेला डावही तसाच असतो. आत बटणाएवढी बॅटरी असते, तिच्यावर तो डाव टिकतो. आता पस्तीस-छत्तीस वर्षं झाली, बॅटऱ्या मरायला लागल्यात. ती सोल्डर केलेली असते, म्हणजे घड्याळाचा सेल बदलावा तशी बदलता येत नाही, आणि काढली की डाव गेला. एकदा यानं एक कॅसेट लावली, तर आत कुणाचा तरी डाव जिवंत होता. याला काही ती पुसवेना. नवी घेतली दुसरी!

— म्हणजे तुमच्या राखणीचा काही उपयोग झाला नाही तर.

शून्य. उलट मीच शिकले. आधी मला वाटायचं, जो गेम गाजला तोच महाग असणार. उलटं आहे. तो मिशीवाला मारिओ, १९८५चा, इतका खपला की नुसती कॅसेट हवी तिथे मिळते, दरही साधा. जो चालला नाही, कमी छापला गेला, तो महाग. यंत्राच्या शेवटच्या वर्षांतले गेम तर फारच. म्हणजे असं, की हा फॅमिकॉम नावाचा डबा निघाला १९८३च्या जुलैमध्ये, १४,८०० येनला. पुढे १९९०मध्ये त्याचा मोठा भाऊ आला, सुपर फॅमिकॉम. मग जुन्याला कोण विचारतो? तरी तुरळक गेम येत राहिले, अगदी १९९४पर्यंत. शेवटचा कुठला ठाऊक आहे? तुम्ही ओळखाल. टोपी घातलेला, गवताचा घागरा नेसलेला, कुऱ्हाडी फेकत पळणारा...

— अगंबाई! तो स्केटबोर्डवाला? आमचा धाकटा रोज संध्याकाळी दिवेलागणीला तोच लावून बसायचा. मी म्हणायची, अरे शुभंकरोती म्हण आधी.

तोच! त्याचाच चौथा भाग. आणि ऐका, तो खरा माणूस आहे. आपल्याकडे कुणाला पत्ता नव्हता. ताकाहाशी मेइजिन म्हणून, तो गेम काढणाऱ्या हडसन कंपनीच्या जाहिरात खात्यातला माणूस. एका सेकंदात सोळा वेळा बटण दाबायचा म्हणून तिकडच्या पोरांत देव झाला होता. मग कंपनीनं त्याच्यावरच गेम केला, १९८६मध्ये. जपानबाहेर पाठवताना त्याचं नाव बदललं. आपल्याकडच्या पोरांना तर तेही नाव कळलं नाही, त्यांच्यासाठी तो नुसता कुऱ्हाडवाला. सोळा वेळा हो! माझ्या मिक्सरचं बटण एकदा दाबलं तरी अडकतं.

— पण ताई, आमच्याकडे होतं ते जपानी कुठे होतं? ह्यांनी लॅमिंग्टन रोडवरून आणलं होतं, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साली. वर मीडिया लिहिलेलं.

कुणाचा मीडिया, कुणाचा लिटल मास्टर. सगळ्या नकला हो, त्या फॅमिकॉमच्या. मूळ डब्यात निरनिराळ्या चिपा असतात. नकलांमध्ये पुढे ते सगळं एकाच चिपेत कोंबलं आणि वर काळा गोळा थापला. म्हणून तर स्वस्त. आणि खरं यंत्र आपल्याला परवडणार कसं होतं? दुसऱ्या एका कंपनीचं, सेगाचं, मेगा ड्राइव्ह आणलं होतं इथे अधिकृतपणे, १९९५मध्ये. कुणी? शॉ वॉलेसनं.

— दारूवाली?

दारूवाली! बाहेरून आणायचं तर ऐंशी टक्के जकात, त्यातून वाट काढायला म्हणून यांच्याशी करार केला. तरी किंमत अठरा हजार. पंच्याण्णवचे अठरा हजार, वहिनी! आपल्याकडे तेव्हा कुणाचा पगार तेवढा होता? मग पोरं काय खेळणार, तर नक्कलच. आणि ती कॅसेट आठवते? "९९९९९९ इन १". तुमच्या धाकट्यानं मोजायला घेतले होते म्हणे.

— वहीत लिहून. पंधरा-वीस गेम झाले आणि मग तेच पुन्हा. मारिओच, पण दुसऱ्या पातळीपासून सुरू. रडला होता बिचारा. ह्यांनी वर त्याला समजावलं, बघ, व्यापार असा असतो.

व्यापार! आमच्या जावयाचंही अगदी असंच. साताऱ्यात वाढला. उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्खी आळी त्यांच्या दिवाणखान्यात. अँटेनाची वायर काढायची, या डब्याची लावायची, चॅनेल जुळवायचं, मग बातम्यांची वेळ झाली की आजोबा ओरडायचे. आणि कॅसेट चालली नाही की फुंकर! मी सांगितलं त्याला, बाबा, तिकडच्या दुकानात विचार, फुंकर मारतात का. तर म्हणे जगभर मारत होते, आणि तीच चूक होती. थुंकीच्या ओलीनं आतल्या पिना गंजतात. काढून परत घातली की पीन नीट टेकते, म्हणून चालायची, श्रेय मात्र फुंकरीला. हा आता कापसाच्या काडीला स्पिरिटसारखं काहीतरी लावून पुसत बसतो, रात्री अकरापर्यंत. लेक म्हणते, घरातली भांडी कधी एवढी पुसली नाहीस.

— मग तिकडे मनासारखं मिळालं का त्याला?

मिळालं आणि नाहीही. काँट्रा आठवतो? बंदुका घेतलेले दोघं, एक निळा, एक लाल...

— वर वर खाली खाली! अहो, दोन्ही पोरं झोपेत बडबडायची. वर वर खाली खाली, डावं उजवं डावं उजवं...

बी ए! तीस जीव मिळायचे त्यानं. तो मंत्र कोनामी कंपनीतल्या हाशिमोतो नावाच्या माणसानं घातला होता, आधीच्या एका गेममध्ये, ग्रेडियसमध्ये. बिचाऱ्याला स्वतःलाच तो गेम जमत नव्हता, तपासायचा कसा, म्हणून चोरवाट ठेवली आणि काढायची राहिली. तर तो काँट्रा याला नाकानोमध्ये मिळाला. नाकानो ब्रॉडवे म्हणून १९६६ची जुनाट इमारत आहे, आपल्या तुळशीबागेसारख्या आत बोळकांड्या. तिथे मांदाराके नावाच्या दुकानात, काचेच्या कपाटात, खोका-पुस्तिकेसह. भाव मी सांगत नाही, लेकीलाही सांगितलेला नाही. मीच म्हटलं, घे.

— तुम्ही?

काय करू, त्याचा चेहरा बघवेना. घरी येऊन लावला. आणि काय सांगू, जपानी काँट्रामध्ये झाडांची पानं हलतात! बर्फाच्या ठिकाणी बर्फ भुरभुरतो, मध्ये मध्ये नकाशा येतो, गोष्ट येते. त्यांच्या कॅसेटमध्ये एक जास्तीची चिप असते, तिच्यामुळे. अमेरिकेत गेला त्यात हे काही नाही, आणि आपल्या नकलांमध्ये तर नाहीच नाही. मला वाटलं, हा आता खूष होईल. तर हा पंधरा मिनिटं खेळला आणि बंद केला. म्हणाला, "आई, छान आहे. पण हा आमचा नाही. आमच्यात झाडं हलत नव्हती."

आता याला काय म्हणायचं! मग माझ्या लक्षात आलं, एवढी दुकानं पालथी घातली, हजारो कॅसेट, पण याला हवी ती त्यांच्यात असूच शकत नाही. ती खोटी आहे ना. तिकडची दुकानं कायद्याची फार पक्की. जुना माल विकायला पोलिसांकडचा परवाना लागतो, आणि आपण एक फुटकी कॅसेट विकायला गेलो तरी ओळखपत्र दाखवायचं. दुसऱ्या बऱ्याच जुन्या वस्तूंना दहा हजार येनपर्यंत सूट असते, गेमला नाही. चोरीचा माल फिरू नये म्हणून. मी त्याला म्हटलं, आपल्या चोर बाजारात असं केलं तर बाजारच उठेल.

— पण कंपन्यांना चालतं का हो हे? त्यांचा नवा माल कोण घेणार मग?

चालत नव्हतं! कोर्टात गेल्या होत्या. त्यांचं म्हणणं, गेम हा सिनेमासारखा, तो कुणी कुणाला द्यायचा हे आम्ही ठरवणार. थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २००२च्या एप्रिलमध्ये निकाल लागला, की बाबांनो, एकदा विकलात ना, संपला तुमचा त्या नगावरचा हक्क. घेणारा पुढे विकू शकतो. म्हणून ही दुकानं उभी आहेत. मला पटला तो निकाल. नाहीतर उद्या प्रेस्टीजवाले म्हणतील, कुकर सुनेला द्यायचा नाही.

बरं, दुकानं सगळीच महागडी नाहीत बरं का. हार्ड ऑफ म्हणून एक आहे, तिकडच्या उपनगरांत असतं. तिथे मागच्या बाजूला निळे क्रेट मांडलेले असतात, त्यात बिनहमीचा माल. चालला तर तुमचा, नाही चालला तरी तुमचाच. वायरी गुंतलेल्या, झाकणं नसलेले रिमोट, पिवळे पडलेले डबे. ते पिवळं पडतं ना, ते धुऊन जात नाही. आग लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये काहीतरी घालतात, उन्हानं ते पिवळं पडतं. मला ते दुकान सगळ्यांत आवडलं. तिथली गिऱ्हाइकं कोण, तर माझ्या वयाचे म्हातारे. गुडघ्यावर बसून क्रेट उपसतायत. एकानं मला एक फॅमिकॉम उलटापालटा करून दाखवला, दुसऱ्या नंबरच्या रिमोटवर माइक असतो, त्यात ओरडून दाखवलं. एका गेममध्ये मोठ्या कानांचे राक्षस असतात म्हणे, ते ओरडलं की मरतात. मला जपानी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण समजलं सगळं. आपल्या नकलेवर असतो का असा माइक?

— बघायला हवं काढून.

म्हणजे आहे अजून?

— काय?

वहिनी, उगाच वेड पांघरू नका. तुमच्या माळ्यावर आहे ना तो? मला आठवतं, रंग काढला तेव्हा खाली काढलेला पाहिला होता मी.

— आहे बाई. ह्यांना कुठलाच खोका टाकवत नाही. मिक्सरचा खोका, इस्त्रीचा खोका, गीझरचा खोका. त्यातच तोही आहे. थर्मोकोलसकट.

थर्मोकोलसकट! आणि कॅसेट?

— पाच-सहा असतील. ती ९९९९९९वाली, काँट्रा, कुऱ्हाडवाला. एकीवर आमच्या धाकट्यानं नाव लिहिलंय, पेनानं, उलटं.

देवा! वहिनी, ऐका. आमच्या जावयाचा स्वतःचा कुठे गेला ठाऊक आहे? आमच्या विहीणबाईंनी दहावीच्या वर्षी भंगारवाल्याला देऊन टाकला, याला न सांगता, हा शाळेत असताना. वर म्हणतात कशा, म्हणून तर ऐंशी टक्के पडले. हा अजून त्यांना ते बोलून दाखवतो, दर दिवाळीला. गेल्या खेपेला इथे आला तर बुधवारी जुना बाजार, रविवारी जुना बाजार, कुंभारवेशीपाशी उन्हात उभा. मिळालं काय? एक फुटका रिमोट आणि डीव्हीडी प्लेअर. मुंबईला शुक्रवारी पहाटे उठून चोर बाजारातही गेला. लोक भंगारात देतात तेव्हा फोडून देतात हो, तांब्याच्या तारेसाठी. आणि आपल्या कॅसेटच्या पिना साठच असतात, जपानी डब्याला असतात तेवढ्याच. म्हणजे तुमची कॅसेट तिकडच्या खऱ्या फॅमिकॉममध्ये बसेल. मी सरळच विचारते. द्याल का?

— ताई, तुम्हीच तर आत्ता सांगितलंत. नुसती कॅसेट असेल तर एक भाव...

अहो, ते खऱ्याचं! खोट्याला तिकडे कुणी कवडी देणार नाही.

— ...आणि खोका असेल तर भाव एकदम कुठल्या कुठे. आमच्याकडे पुस्तिकाही आहे. ह्यांनी फाइल केलीय, वॉरंटी कार्डासकट.

बाई बाई बाई! मीच आपल्या तोंडानं सगळं सांगून बसले. बरं, बोला. काय हवंय?

— पैसे नकोत. मला तुमच्या त्या हापूसच्या कलमाची फांदी आमच्या बाजूला येते ना, तिच्यावरचे आंबे आमचे, हे एकदा ठरवून टाका. दरवर्षी मोजत बसता तुम्ही.

मी मोजते? बरं, मोजते. आमचे हे मोजायला लावतात. मंजूर! पण मग बंदूकही हवी त्यातली. ती बदकं मारायची.

— बंदूक आहे. पण चालत नाही ती. दोन वर्षांपूर्वी नातवानं लावली होती भिंतीवरच्या टीव्हीला, एक बदक पडेल तर शपथ. बिघडली असेल.

बिघडलेली नाही! हे मला माहितीये आता. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदूक तो उजेड बघते. ते फक्त जुन्या डब्याच्या टीव्हीवर जमतं, चित्र उमटायची वेळ त्यावर अचूक असते. या चपट्या टीव्हीवर चित्र जरा मागून येतं, बंदूक बघते तेव्हा तिथे काहीच नसतं. डबा टीव्ही हवा. तुमचा?

— एक्स्चेंजमध्ये गेला. तुमचा?

आमचाही. आता आपल्या गल्लीत कुणाकडे असेल?

— आहे एकाच ठिकाणी. आतल्या खोलीत, वर कापड घालून ठेवलेला. मागे हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा पाहिलाय मी. समोरच्या कोपऱ्यावरच्या...

त्या? गेटसमोर गाडी लावली म्हणून तुमच्या ह्यांनी ज्यांच्या टायरची हवा सोडली, त्या?

— ह्यांनी नाही सोडली. म्हणजे, सिद्ध नाही झालं.

दिवाळीला जावई येणार, वहिनी. पाच महिने आहेत. जाऊन बोलायला हवं कुणीतरी.

— तुम्ही जा. तुम्ही जपानहून आलाय, काहीतरी आणलंच असेल वाटायला. दोन चॉकलेटं जास्त द्या त्यांना. आणि हवेचा विषय निघालाच तर म्हणा, शेजारच्या वहिनींचे यजमान तर त्या दिवशी गावालाच होते.